जाड वायरीचं प्रकरण

"काल रात्री गॅरेजमधले दिवे घालवून काय चाललं होतं गं तुमच्याकडे?" माईंनी कुंपणावर आलेला दुधीचा वेल आपल्या बाजूला ओढून घेत विचारलं. माईंचा प्रश्न नेहमी असाच साधा असतो, आणि उत्तर त्यांना अर्धंअधिक आधीच ठाऊक असतं.

"बोनेट उघडून अंधारात ठिणग्या बघत होते दोघं. आमचे हे आणि तो कोपऱ्यावरचा शेव्हेलवाला."

"मग? दिसल्या?"

"दिसल्या म्हणजे काय! ह्यांनी वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तर निळ्या ठिणग्या इकडून तिकडे नुसत्या नाचायला लागल्या. आणि दोघं टाळ्या पिटताहेत! म्हटलं, अहो, बिघाड सापडलाय, दिवाळी नाही आलेली."

"प्लगच्या वायरी गेल्या," माई म्हणाल्या. "म्हणूनच दमट सकाळी गाडी मिसिंग करते तुमची. मला इथे चहा पिताना ऐकू येतं. आठातला एक सिलिंडर रुसलेला असतो."

माईंना हे कळतं याचं नवल वाटायला नको. नाशकातून इंजिनिअर होऊन आल्या आणि सगळी नोकरी गाड्यांच्या वायरींच्या लॅबमध्ये केली. डेट्रॉइटच्या आसपास प्रत्येक मराठी घरात कोणी ना कोणी बंपरवाला, ब्रेकवाला, नाहीतर सीटच्या फोमवाला निघतोच. पण मंडळाच्या कार्यक्रमात बायका साड्यांवर बोलतात तेव्हा माई बाजूला उभ्या राहून पार्किंगमधल्या गाड्यांचे आवाज ऐकत असतात.

आमची गाडी म्हणजे १९६७ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ, ४०० घनइंचाचं व्ही-एट इंजिन. ह्यांनी ती का घेतली हे मला विचारू नका. ट्रॉयमध्ये राहायचं, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू इतकी जवळ, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे हजारो जुन्या गाड्या दिवसभर मिरवणार, आणि आपण फुटपाथवर खुर्ची टाकून कोकाकोला प्यायचा, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं म्हणे. गाडीत तो हर्स्टचा ड्युअल गेट गिअर आहे. एका खाचेत साधा ऑटोमॅटिक, दुसऱ्या खाचेत गिअर हाताने एकेक टाकायचे. त्या काळच्या जाहिरातीत पहिली खाच बाईची आणि दुसरी बाप्याची. मी बाप्याच्या खाचेतूनच चालवते.

"मग आता नवीन वायरी घेणार असतील," माई म्हणाल्या. "कुठल्या?"

"लाल. दहा मिलिमीटर जाड. फोटो दाखवला मला. म्हणाले, जेवढी जाड तेवढा जास्त करंट."

माईंनी कपाळाला हात लावला. "अगं, जाडी आहे ती वरच्या सालीची! करंट जातो आतल्या गाभ्यातून. कंपनीतून गाडी बाहेर पडली तेव्हा सात मिलिमीटरच्या वायरी होत्या तिच्यात. आठ घेतल्या तर समजू शकते, साल जाड म्हणजे इन्सुलेशन थोडं जास्त, उष्णता थोडी जास्त सोसेल. दहा घेऊन करणार काय? व्हॉल्व्ह कव्हरवरच्या मूळच्या क्लिपांत त्या बसायच्या नाहीत. मग प्लास्टिकच्या पट्ट्या बांधतील, वायरी एकमेकींना चिकटतील, आणि पुन्हा आमच्या चहाच्या वेळी तुमचं मिसिंग."

"पण शर्यतीच्या गाड्यांत घालतात ना?"

"तिथे कॉईलही तसली असते. तुमच्या जुन्या कॉईलमधून बॅटरीच्या बारा व्होल्टचे वीस-पंचवीस हजार होतात. तेवढ्याला सात-आठ मिलिमीटरची चांगली सिलिकॉन साल पुरून उरते. आणि ठिणगीला लागतील तेवढेच व्होल्ट ती घेते. वायर जाड केली म्हणून प्लग काही खूश होऊन दोन ठिणग्या देत नाही."

मी म्हटलं, मग गाभ्याचं सांगा. माईंनी हातातली कात्री ठेवली. हे लक्षण मला माहीत आहे, आता कुकरच्या शिट्ट्या घरात एकट्याच होणार.

"तीन जाती समज. पहिली नुसत्या तारेची. तांबं नाहीतर स्टील. अडथळा जवळजवळ शून्य. ऐकायला छान. पण ठिणगी उडाली की तीच तार रेडिओ स्टेशनच्या अँटेनासारखी लहरी फेकते. तुमच्या रेडिओत खरखर, शेजारच्या टीव्हीत रेघा. पन्नाशीच्या दशकात घरोघरी टीव्ही आले आणि लोक करवादले. म्हणून दुसरी जात आली. धाग्यांमध्ये कार्बन मुरवलेला गाभा. फुटाला काही हजार ओहम अडथळा. जनरल मोटर्सच्या वायरींवर छापलेलंच असायचं, टीव्हीआरएस. टेलिव्हिजन-रेडिओ सप्रेशन."

"एवढा अडथळा? मग ठिणगी मरत नाही?"

"नाही मरत. प्लगच्या फटीतल्या हवेचा अडथळा त्याच्यापुढे कितीतरी मोठा. ठिणगी उडायच्या आधी वायरीतून करंट वाहतच नाही म्हणायला हरकत नाही, मग व्होल्ट कुठे गमवायचे? हां, पण कार्बनच्या धाग्याचं एक वाईट. म्हातारपणी तो आतून तुटतो. वरून वायर नवी कोरी दिसते आणि मीटर लावला की काटा हलत नाही. मेकॅनिक वायर धरून खस्सकन ओढतात ना, त्यानेही तुटतो. नेहमी टोकाचा रबरी बूट धरायचा, जरा पिळायचा, मग ओढायचा. ह्यांना सांग."

"आणि तिसरी?"

"स्पायरल. मधल्या गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली, जवळजवळ लागून वेढे. त्या वेढ्यांमुळेच रेडिओची खरखर दबते, आणि अडथळा मात्र फुटाला शेकड्यात, काहींत तर पन्नास ओहमच्याही खाली. रोज गाडी चालवायची असेल तर हीच घ्यावी. माझं स्पष्ट मत."

मग माईंनी आवाज जरा खाली आणला. खरं तर ऐकायला खारींशिवाय कोणी नव्हतं. "मागच्या गल्लीतल्या त्या निळ्या प्लिमथ डस्टरवाल्याचं कळलं का तुला? पॉइंट काढून टाकले आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. आणि वायरी? कुठल्याशा जुन्या बाजारातून आणलेल्या नुसत्या तांब्याच्या! मॉड्यूलच्या कागदावर छापलेलं असतं, सप्रेशन वायर वापरा म्हणून. वाचतो कोण? गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. त्याने कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोलचा पंप बदलला. बायको माहेरी जाऊन आली तरी ह्याचं चाललंच होतं."

"आमच्याही गाडीत ते मॉड्यूल आहे."

"मला माहीत आहे. म्हणूनच सांगितलं."

शेव्हेलवाल्याचा विषय मीच काढला. त्याची गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल, ४५४ घनइंचाची एसएस, आणि सकाळी दव पडलं असेल तर ती गॅरेजच्या बाहेर येत नाही. ह्यांना तो काल सांगत होता की वायरी घ्यायच्या तर तारखेच्याच घ्या.

"बरोबर आहे त्याचं, त्याच्यापुरतं," माई म्हणाल्या. "त्याला बक्षीस हवंय ना! जुन्या पॅकार्डच्या वायरींवर वर्षाची कितवी तिमाही ते छापलेलं असायचं. एक-क्यू-सत्तर म्हणजे १९७० चे पहिले तीन महिने. आता हुबेहूब तशाच वायरी नव्याने छापून मिळतात. प्रदर्शनात परीक्षक टॉर्च घेऊन वाकतात आणि बघतात, वायरीची तारीख गाडी बनायच्या आधीची आहे की नाही. गाडी मार्चात बनली आणि वायर सप्टेंबरची, म्हणजे मुलीच्या लग्नाआधी नातवाचं बारसं! गुण गेले."

"पॅकार्ड म्हणजे ते मोठ्या गाड्यांवाले?"

"तेच घराणं. ओहायोतलं वॉरन गाव. १८९० मध्ये दोघा भावांनी विजेची कंपनी काढली. मग थोरल्या-धाकट्यांपैकी जेम्सने एक विंटन गाडी घेतली, ती सारखी बिघडे. असं म्हणतात की हा तक्रार घेऊन गेला तर विंटन म्हणाला, एवढं कळतं तर तूच बनव. ह्याने बनवली, १८९९ मध्ये! पुढे गाडीची कंपनी डेट्रॉइटला आली आणि विजेची कंपनी वॉरनलाच राहिली. ती १९३२ मध्ये जनरल मोटर्सने घेतली. गाडीचा कारखाना पुढे बसला, वायरींचा चालत राहिला. मोठ्या नावाचे लोक पाहुण्यांना भेटतात आणि घर चालवतो तो मागच्या खोलीतला, असं आमच्या लॅबमध्ये सगळे म्हणायचे." माई हसल्या. "अर्थात आम्हीही मागच्याच खोलीतले."

मला विचाराल तर तारखेच्या वायरी हा शुद्ध हट्ट आहे. चोख काळा रंग, चोख छपाई, गाभा मात्र पुन्हा तोच कार्बनचा, आणि किंमत दुप्पट. पण शेव्हेलवाला वर्षातून जेमतेम काही मैल चालवतो, त्याला टिकण्याशी काय देणंघेणं? आमच्या ह्यांना आइस्क्रीम आणायलाही तीच गाडी लागते.

"माई, जाहिरातीत लिहिलंय, कुठल्याही जीएम व्ही-एटला बसेल."

"इथेच फसतात!" माई कुंपणाच्या अगदी जवळ आल्या. "आता नीट ऐक. शेव्हीचा, म्हणजे शेव्हरोलेचा, ठिणगीचा क्रम एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. तुमच्या पाँटिअ‍ॅकचा? तोच. एका आकड्याचा फरक नाही. पण शेव्हीच्या डिस्ट्रिब्युटरमधला रोटर फिरतो घड्याळाच्या काट्यांसारखा आणि पाँटिअ‍ॅकचा उलटा! क्रम तोच, पण कॅपवर वायरी लावायच्या त्या उलट्या दिशेने. म्हणजे प्रत्येक वायरीची वाट वेगळी, लांबी वेगळी. शेव्हीचा तयार सेट आणला तर एक वायर ताणून धरावी लागते आणि दुसरी सैल लोंबते. लोंबली की एक्झॉस्टला टेकते, आणि टेकली की जळते."

"मग पाँटिअ‍ॅक ४०० साठी कापून तयार केलेला सेटच बघायचा."

"हो. नाहीतर अखंड वायर आणून स्वतः कापायची. पण त्याला क्रिंप करायचं नीट हत्यार हवं. तुमच्याकडे आहे का?"

"पक्कड आहे."

"पकडीने दाबलेलं टोक म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा अंधारात टाळ्या." माईंनी विषय मिटवला. "आणि टोकं बघायची. तुमच्या जुन्या कॅपला खोल भोकं असतात, वायरीचं टोक आत जातं. १९७५ पासून जनरल मोटर्सच्या सगळ्या गाड्यांत एचईआय, म्हणजे हाय एनर्जी इग्निशन, आलं, त्याच्या कॅपवर खुंट्या असतात, टोक वरून बसतं. पॅकेट दिसायला एकच. घरी येऊन उघडलं की मग बोंब. प्लगकडचा बूटही सरळ हवा की काटकोनातला, ते मॅनिफोल्ड बघून. ह्यांनी हेडर बसवलेत का?"

"नाही. त्यांचा विचार आहे, पण मी अजून हो म्हटलेलं नाही."

"नकोच म्हण. ते पातळ नळ्यांचे हेडर बसवले की प्लगच्या बुटांना नुसतं भाजून काढतात. मग वर उष्णता अडवणारे मोजे चढवा, सिरॅमिकचे बूट आणा, खर्चात खर्च. ओतीव लोखंडाचे मॅनिफोल्ड राहू देत. फक्त सिलिकॉनची साल मऊ असते एवढं ध्यानात ठेव. पत्र्याच्या कडेला घासली की चिरते, म्हणून क्लिपा हव्यातच."

आता मस्टँगवाल्याकडे यायलाच हवं होतं, कारण त्याची भुवई अजून उगवलेली नाही. माईंना सगळा मजकूर ठाऊक होता, पण त्यांना तो माझ्या तोंडून ऐकायचा होता.

मी सांगितलं. त्याची १९६८ ची मस्टँग, ३०२ इंजिन. हिवाळ्यात त्याने नवा कॅमशाफ्ट घातला. वायरी मात्र जुन्या पुस्तकातल्या क्रमाने जोडल्या. गाडी सुरू केली, ती भकभक करायला लागली म्हणून हा कार्ब्युरेटरवर वाकला, आणि भडका वर आला.

"कुठला क्रम जोडला होता?"

"एक-पाच-चार-दोन-सहा-तीन-सात-आठ. मी विचारून ठेवलंय."

"आणि कॅम असणार ३५१ विंडसरच्या क्रमाचा. एक-तीन-सात-दोन-सहा-पाच-चार-आठ." माईंनी मातीत काडीने दोन्ही ओळी एकीखाली एक लिहिल्या. "बघ. एक, दोन, सहा, आठ जागच्या जागी. पाचाच्या जागी तीन, तिनाच्या जागी पाच. चार आणि साताचीही तशीच अदलाबदल. म्हणजे चार सिलिंडर बरोबर चालले आणि चारांना ठिणगी बरोबर एक फेरा चुकून मिळाली. दाबाच्या वेळी नाही, तर धूर बाहेर टाकून नवा घोट घ्यायला तोंड उघडतं तेव्हा. तोंड उघडं असताना काडी लावली की भडका वरच येणार. वाईट वाटतं गं, पण भुवईवर निभावलं."

माईंच्या बोलण्यात वाईट वाटल्याचं फारसं जाणवलं नाही.

"आमच्या गाडीत अशी भानगड नाही ना?"

"तुमच्यात दुसरी आहे. पाच आणि सात. शेजारी-शेजारी बसलेले, ड्रायव्हरच्या बाजूला मागे, आणि क्रमातही एकापाठोपाठ एक. त्यांच्या वायरी बराच वेळ अंगाला अंग लावून समांतर नेल्या, तर पाचाची ठिणगी जाताना साताच्या वायरीतही करंट उठतो. सातात तेव्हा मिश्रण दाबलं जात असतं, वेळेआधीच पेटतं. पिस्टन वर येतोय आणि आग त्याला खाली रेटतेय. टकटक ऐकू येते, आणि फार दिवस चाललं तर पिस्टन जातो. म्हणून त्या दोघींना लांब ठेवायचं, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. सासू-सुनेच्या खोल्या."

"माई, फेरारीचं खरं का ते? हे सांगत होते, आमच्या गाडीने फेरारीला हरवलं होतं."

माईंचे डोळे लकाकले. "१९६४ ची गोष्ट ना? 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मुखपृष्ठावर पाँटिअ‍ॅक जीटीओ आणि फेरारी जीटीओ समोरासमोर लावल्या. तुमच्या जीटीओचं नावच फेरारीवरून उचललेलं, ते पाँटिअ‍ॅकचा इंजिनिअर डिलोरिअन, त्याच्या माणसांनी. इंजिन ३८९ घनइंचाचं. कंपनीचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० च्या वर इंजिन घालायचं नाही. त्या लोकांनी काय केलं, गाडी नवी म्हणून दाखवलीच नाही, टेंपेस्टवरचं ज्यादा पॅकेज म्हणून विकली. मासिकाला दिलेली गाडी इथून, रॉयल ओकच्या रॉयल पाँटिअ‍ॅककडून गेली. ती पळाली अशी की लोक थक्क! आणि पुष्कळ वर्षांनी पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातींचा माणूस, जिम वँगर्स, त्याने स्वतःच कबूल केलं की त्या गाडीत ३८९ नव्हतंच. ४२१ बसवलेलं होतं."

"अय्या! म्हणजे सगळी फसवणूक?"

"बोनेटखाली काय आहे हे या गाड्यांच्या लोकांनी कधी सरळ सांगितलंय? तुझे हे तर निदान वायर जाड घेऊन उघड उघड मिरवताहेत."

शेवटी ठरलं ते माईंच्याच मनासारखं. आठ मिलिमीटरच्या, स्पायरल गाभ्याच्या, काळ्या. पाँटिअ‍ॅक ४०० साठी कापलेल्या, आतल्या भोकात बसणाऱ्या टोकांच्या. जुन्या एकदम सगळ्या उपटायच्या नाहीत. एक काढायची, तिच्या लांबीशी नवी ताडून बघायची, ती बसवायची, मग दुसरीला हात लावायचा. बुटात डायइलेक्ट्रिक ग्रीसचा एवढासा थेंब, म्हणजे पुढच्या वेळी बूट प्लगला चिकटून फाटत नाही. माईंनी ते सगळं माझ्याकडून परत वदवून घेतलं. घरी जाऊन मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे तर मी म्हणतच होतो. मी काही बोलले नाही.

अडचण एकच होती. लाल वायरींची ऑर्डर आदल्या रात्रीच देऊन झाली होती, आणि दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता. संध्याकाळी मी पुन्हा कुंपणाशी गेले.

"कापलेल्या आहेत की अखंड?" माईंनी विचारलं.

"अखंड. टोकं वेगळी पाकिटात."

"आणि कॅपचं टोक भोकातलं?"

"हो."

माई क्षणभर गप्प राहिल्या. "फोर्डच्या त्या वेळच्या कॅपलाही भोकंच असतात," त्या म्हणाल्या. "मस्टँगवाल्याला विचार. शर्यतीच्या आहेत म्हणून सांग, लगेच घेईल. पैसे मात्र आधी घे. आणि हे बघ, कागदावर क्रम लिहून दे त्याला. मोठ्या अक्षरात लिही, चष्मा लावत नाही तो."